गाईचे दूध न सोसणारे मूल आणि नफ्यावर पोसलेला बाजार

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे कावेरीकाठचे भातशेतीचे गाव. कावेरीच्या पुराचा तडाखा जुन्या येडतोरेला बसल्यानंतर हे नवे गाव वसवण्यात आले आणि चौथ्या कृष्णराज वाडियारांचे नाव त्याला मिळाले. पुराने उठवलेल्या माणसांना नवे गाव बांधून देणे हे राज्याचे काम आहे, एवढे त्या काळच्या संस्थानी राजवटीलाही कळत होते. आज मात्र लोकशाहीचा जप करणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांना विचारावे लागते की, ज्या तान्ह्या मुलाला गाईचे दूध सोसत नाही आणि ज्याच्या आईला पुरेसे दूध येत नाही, त्या मुलाला जगवणे हे कोणाचे काम? राज्याचे, की औषधाच्या दुकानातील फळीवर ठेवलेल्या डब्याचे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू; कारण या विषयात अज्ञानाचे आणि जाहिरातीचे धुके सारखेच दाट आहे. गाईच्या दुधातील केसीन व बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांना काही बालकांचे शरीर शत्रू मानते. अंगावर पुरळ उठते, उलट्या होतात, शौचातून आव व रक्त पडते, वजन वाढत नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत शंभर बालकांमागे सुमारे दोन-तीन बालकांत हा दोष आढळतो. बहुतेकांत तो तीन ते पाच वर्षांत ओसरतो. दुधातील साखर न पचणे ही निराळी गोष्ट होय. ती बहुधा जुलाबानंतर काही काळ उद्भवते आणि जाते. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे उपचारही चुकतात. ‘गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या, म्हशीचे द्या’ हा घरोघरचा सल्लाही येथे निरुपयोगी ठरतो, कारण त्या दुधांतील प्रथिने गाईच्या प्रथिनांची सख्खी भावंडे आहेत. तांदळाची पेज, नारळाचे दूध किंवा बदामाचे पाणी यांनी मुलाचे पोट भरल्यासारखे वाटते, पण त्याची वाढ होत नाही. केवळ अशा पातळ पाण्यावर ठेवलेली बालके अमेरिकेसारख्या सधन देशातही प्रथिनांच्या उपासमारीने सुजलेली आढळली आहेत.

मग उपाय कोणते? पहिला उपाय आईचे दूध. त्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसते. आईच्या आहारातून त्याचा अंश उतरून मुलाला त्रास होत असेल, तर आईने काही काळ दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य करावयाचे आणि पाजणे चालू ठेवावयाचे. दुसरा उपाय, आईचे दूध नसेल तर दुधातील प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली भुकटी. तीही न सोसल्यास प्रथिनांच्या मूळ घटकांपासून, म्हणजे अमिनो आम्लांपासून, बनवलेली भुकटी. तिसरा, सोयाबीनच्या प्रथिनांपासून शास्त्रशुद्ध रीतीने केलेला बालाहार. मात्र तो सहा महिन्यांनंतर द्यावा असा युरोपातील बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि काही मुलांना सोयाही सोसत नाही. शास्त्राची बाजू एवढीच. ती अवघड नाही. अवघड आहे ती वर्गसमाजाची बाजू.

पहिला उपाय घ्या. आईचे दूध फुकट असते, असे सांगितले जाते. ते फुकट नसते. आईच्या श्रमाच्या वेळातून आणि तिच्या ताटातून त्याची किंमत मोजली जाते. प्रसूतिलाभाचा १९६१ चा कायदा २०१७ साली सुधारण्यात आला व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. परंतु कृष्णराजनगरच्या भातशेतात लावणी करणाऱ्या मजूर स्त्रीची आस्थापना कोणती? ऊसतोडीसाठी बीडहून गाडीतळावर उतरणाऱ्या बाईचे पाळणाघर कोठे? तिच्यासाठी सरकारने २०१७ पासून पहिल्या अपत्याला ५,००० रुपये ठेवले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपये देण्याचे बंधन घातले असताना! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील केवळ ६३.७ टक्के बालके निव्वळ आईच्या दुधावर होती. उरलेल्यांच्या आया आधुनिक झाल्या, आळशी झाल्या, असे म्हणणारे सद्गृहस्थ आपल्यातही भेटतात. त्यांना एकच सांगावयाचे: दुपारपर्यंत चिखलात वाकलेल्या बाईला मूल पाजण्यास वेळ कोण देतो, याचे उत्तर आधी द्या आणि मग तिच्या मातृत्वावर बोला.

या असहायतेचाच व्यापार झाला. सिसली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापुरात ‘दूध आणि खून’ या शीर्षकाचे भाषण करून बाटलीच्या दुधाच्या प्रचाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. १९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेने या व्यापारावर पुस्तिका काढली. तिचे जर्मन रूपांतर प्रसिद्ध करणाऱ्या स्विस कार्यकर्त्यांवर नेस्ले कंपनीने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ साली न्यायालयाने त्यांना शीर्षकाबद्दल किरकोळ दंड केला, पण कंपनीलाही आपल्या प्रचारपद्धती बदलण्यास सुनावले. १९७७ पासून बहिष्काराची चळवळ पसरली. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने बालाहाराच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली तेव्हा बाजूने ११८ मते पडली आणि विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचे होते. भारतात १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. १९८९ साली मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. लक्षात घ्या, ती खाजगी पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, सार्वजनिक रुग्णालयात सुरू झाली.

आता दुसऱ्या उपायाकडे, म्हणजे त्या विशेष डब्याकडे वळू. कायदा डब्याची जाहिरात रोखतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मोजक्या मुलांना डबा खरोखरच औषधासारखा लागतो, त्यांना तो कोण देणार, याविषयी कायदा मुका आहे. साध्या डब्याच्या कितीतरी पट किंमत. तोही मोठ्या शहरातील निवडक दुकानांत. कृष्णराजनगरहून म्हैसूर सुमारे ४० किलोमीटर. एक दिवसाची मजुरी बुडवून गेलेला बाप त्या डब्याची किंमत विचारतो आणि साध्या डब्यासह, किंवा रिकाम्या हाताने, परततो. ब्रिटनमध्ये हाच डबा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मुलाला मोफत मिळतो, कारण तेथील कामगारवर्गाने दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीय आरोग्यसेवा पदरात पाडून घेतली. तेव्हा हा प्रश्न दारिद्र्याइतकाच सत्तेचाही आहे.

‘बाजार ही उणीव भरून काढील,’ असे भांडवलदारी अर्थपंडित सांगतात. बाजाराचा इतिहास तपासू. १९७८ साली अमेरिकेत सिंटेक्स कंपनीने आपल्या सोयायुक्त बालाहारातील मीठ काढून टाकले. १९७९ साली क्लोराइडच्या अभावाने बालके आजारी पडू लागली. ही बहुतांशी तीच बालके, ज्यांना दूध सोसत नव्हते आणि ज्यांना दुसरे अन्नच नव्हते. १९८० साली बालाहाराचा कायदा करावा लागला, तोवर प्रयोग मुलांवर होऊन गेला होता. २००३ साली इस्रायलमध्ये रेमेडिया नावाने विकल्या जाणाऱ्या, जर्मनीतील हुमाना कंपनीने बनवलेल्या सोयाच्या डब्यात ब१ जीवनसत्त्व लेबलावर होते, भुकटीत नव्हते. काही बालके दगावली, काहींना कायमचे अपंगत्व आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲबट कंपनीचा मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील कारखाना, तपासणीत घातक जंतू आढळल्यानंतर, बंद पडला. दूध न सोसणाऱ्या मुलांसाठीचा खास डबा तेथेच बनत असे. चार कंपन्यांच्या हाती जवळजवळ सगळा बाजार असलेल्या त्या महासत्तेला मे महिन्यात लष्करी विमानांनी युरोपातून डबे आणावे लागले! आणि त्याच कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये पाच अब्ज डॉलरपर्यंत स्वतःचेच भागभांडवल विकत घेण्याची योजना जाहीर केली होती. भागधारकांना द्यायला पैसा होता, दुसऱ्या कारखान्याला नव्हता. मक्तेदारीचे यापेक्षा स्वच्छ चित्र कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण अर्धसत्य सांगू. जेथे पैसा आहे तेथे हाच बाजार रोग वाढवून दाखवतो. इंग्लंडमध्ये या विशेष डब्यांच्या चिठ्ठ्या २००६ ते २०१६ या दशकात सुमारे एक लाखावरून सहा लाखांवर गेल्या. रोग त्या प्रमाणात वाढल्याचा मात्र पुरावा नव्हता. मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्या डॉक्टरांचे उत्पादकांशी असलेले संबंध तेथील वैद्यकीय नियतकालिकातच उघड झाले. म्हणजे ज्याला डबा नको त्याच्या गळ्यात बांधायचा आणि ज्याला तो हवाच त्याच्या हाताला लागू द्यायचा नाही. ही बाजाराची विसंगती नव्हे, हा त्याचा नियम आहे.

या नियमाला पर्याय आहे काय? आहे, आणि तो म्हैसूरमध्येच उभा आहे. राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. १९५५ साली आणंदच्या सहकारी कारखान्याने ती करून दाखवली आणि म्हशीच्या दुधापासून बालाहार बनवण्याची पद्धत म्हैसूरच्या या संस्थेने दिली. याच संस्थेने शेंगदाण्याच्या व हरभऱ्याच्या पिठापासून बहुउद्देशी आहार तयार केला, शेंगदाण्याच्या प्रथिनांची जोड दिलेले ‘मिल्टोन’ हे दूध काढले. यांपैकी एकही पदार्थ दूध न सोसणाऱ्या तान्ह्या मुलासाठी नव्हता, हे खरे. परंतु सार्वजनिक प्रयोगशाळा आणि उत्पादकांची सहकारी संस्था एकत्र आल्या म्हणजे ‘अशक्य’ हा शब्द कसा गळून पडतो, हे त्यांनी सिद्ध केले. दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या कमला सोहोनी तर आपल्याच. स्त्री म्हणून त्यांना तेथे प्रवेशासाठी झगडावे लागले, हे महाराष्ट्र जाणतो.

मग गाडी अडली कोठे? धोरणात. १९७० च्या पेटंट कायद्याने खाद्यपदार्थ व औषधे यांच्या पदार्थावर पेटंट नाकारले होते, केवळ प्रक्रियेवर दिले होते. जागतिक व्यापार संघटनेपुढे मान तुकवून २००५ पासून हे संरक्षण काढून टाकण्यात आले. आणि कच्चा माल? विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी सोयाबीन पिकवतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना त्याला त्याहून कमी भावात माल विकावा लागला. त्या सोयाबीनचे तेल काढून उरलेली प्रथिनयुक्त पेंड कोंबड्यांना आणि परदेशी गुराढोरांना जाते. उत्पादक भावासाठी रडतो, बालक प्रथिनांसाठी रडते, आणि मधला व्यापारी दोघांच्या रडण्यावर व्याज घेतो.

आक्षेप येतील. ‘अशी मुले थोडी, त्यांच्यासाठी कारखाना परवडेल कसा?’ देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक जन्म होतात. शंभरात एकच मूल धरले तरी संख्या दोन लाखांवर जाते, आणि त्यांतील ज्यांना आईचे दूध मिळत नाही त्यांचाच प्रश्न उरतो. दोन लाख ही संख्या थोडी वाटते ती ताळेबंद मांडणाऱ्याला. आईच्या मांडीवर मूल एकच असते. दुसरा आक्षेप: ‘समाजवादी म्हणवणाऱ्या चीनमध्ये २००८ साली काय झाले?’ झाले ते भयंकर होते. दुधात मेलामाइन मिसळले गेले, सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. आपण ते झाकू नये. त्यातून धडा एवढाच निघतो की, कारखान्यावर पाटी कोणाची आहे एवढ्याने भागत नाही. नफ्याची शर्यत आणि बंद दारे जेथे असतील तेथे विष शिरणारच. म्हणून आपली मागणी केवळ सरकारी मालकीची नाही, लोकांच्या देखरेखीचीही आहे.

या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. सर्व कष्टकरी स्त्रियांना, असंघटित व शेतमजूर स्त्रियांनाही, २६ आठवड्यांची भरपगारी रजा सरकारी निधीतून मिळाली पाहिजे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मातृदुग्धपेढी असली पाहिजे. दूध न सोसणाऱ्या बालकांसाठीचा विशेष आहार सार्वजनिक प्रयोगशाळेच्या सूत्राने, सहकारी दुग्धसंघांच्या कारखान्यांत, कोणत्याही व्यापारी नावाशिवाय तयार व्हावा आणि सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मोफत मिळावा. त्याच्या प्रत्येक तुकडीची तपासणी जाहीर व्हावी. आणि डॉक्टरांच्या परिषदांना उत्पादकांचा पैसा बंद व्हावा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या प्रकल्पांत म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर होते आणि आपल्याकडील धारणी व धारावीही होती. त्या अंगणवाड्यांतील सेविका आज मानधनासाठी मोर्चे काढतात आणि त्यांच्या संघटनांत आपले कार्यकर्ते आहेत. ज्या मुलाचे वजन वाढत नाही, ज्याच्या शौचात रक्त दिसते, त्याच्या घरी पहिले पाऊल टाकते ती हीच सेविका. तिच्या मागण्यांच्या यादीत या मुलाचा आहार आला पाहिजे आणि या मुलाच्या आईने तिच्या मोर्चात आले पाहिजे. हा प्रश्न वर्गसंघर्षाच्या बाहेरचा, बायकांचा, किरकोळ प्रश्न आहे असे ज्या कॉम्रेडांना वाटत असेल, त्यांनी आपल्या शाखेच्या पुढच्या सभेला एका अंगणवाडी सेविकेला बोलवावे आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे.