तळघराचे छत झाकू नका

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत हल्ली असा ठराव येऊ लागला आहे की, तळघरातील वाहनतळाचे ओबडधोबड छत, ज्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ आणि उघडी पडलेली खडी दिसते, ते फॉल्स सीलिंग करून झाकून टाकावे. शोभेची इच्छा रास्त आहे. उपाय मात्र घातक आहे.

काँक्रीटमधील तीव्र अल्कतेच्या आश्रयाने सळई सुरक्षित राहते. परंतु हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत शिरून ती अल्कता क्षीण करीत असतो, त्यात वरच्या अंगणातील पावसाचे किंवा न्हाणीघरातील पाणी झिरपू लागले की सळई गंजते, आणि हा गंज मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षाही अधिक जागा व्यापीत काँक्रीटला आतून फोडतो. सळईखाली २० मिलिमीटरांचे आवरण असावे असा स्लॅबसाठीचा सर्वसाधारण दंडक आहे, पण ओतकामाच्या वेळी कव्हर ब्लॉक सरकला की तेही उरत नाही. सळईच्या रेषेने धावणारी बारीक भेग, तिच्या कडेचा तपकिरी डाग, क्षारांची पांढरी रेघ, हातोडीने ठोकताच येणारा पोकळ आवाज, ही सारी पूर्वसूचना उघड्या छतावरच मिळते. फॉल्स सीलिंगच्या जिप्समआड ती दडते, आणि जिप्सम स्वतः ओलीने फुगून लोंबू लागतो. शिवाय राष्ट्रीय इमारत संहितेने तळघराला किमान २.४ मीटर उंची सांगितलेली असता, बेताच्या उंचीच्या जागेत वीतभर उंची गमावणे परवडणारे नाही.

गिलाव्याचा आग्रहही धरू नये. फळ्यांना लावलेल्या तेलाचा अंश स्लॅबच्या पृष्ठभागावर राहिलेला असतो, त्यामुळे नीट टाचे न मारता चढविलेला गिलावा पुढे सुटून खालच्या माणसांवर कोसळू शकतो. चंदीगढच्या उच्च न्यायालयात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी फळ्यांच्या खुणा मुद्दाम राखल्या. त्या खुणांची आपणास लाज वाटण्याचे कारण नाही.

त्याऐवजी प्रथम गळती वरच्या बाजूने बंद करावी. मग पोकळ भाग सळईच्या मागेपर्यंत छिन्नीने काढून, गंज घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावा, आणि ओल पूर्ण वाळल्यावर वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत, म्हणजे उजेडही वाढतो. सभासदांनी सुशोभनाच्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी, पावसाळा संपताच संरचना अभियंत्याकडून या छताची तपासणी करून घ्यावी आणि त्याचा अहवाल सभेपुढे ठेवण्याचा आग्रह धरावा.