मेहेरनजर नको, नजर हवी

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे महाराष्ट्राने भरभरून कौतुक केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलात झळकलेही. पण २०११ पासून सरकारदरबारी खेटे घालणाऱ्या यादव यांना नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. मधल्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना लक्ष घालावे लागले, विषय पंतप्रधानांपर्यंत गेला. विमानाचे नोंदणीचिन्ह व्हीटी-एनएमडी. त्यातली अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र या नावांवरून घेतलेली. यादव यांची कृतज्ञता समजण्यासारखी आहे. परंतु तांत्रिक दाखल्यासाठी राज्यकर्त्यांचे आभार मानावे लागतात, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कारभारावरचा कडक शेरा आहे.

यावर ‘नियम सैल करा’ असा उतारा लगेच सुचवला जातो. तो घातक ठरेल. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात कोसळून गेले, ते ‘लाँग-ईझी’ जातीच्या, हौशी माणसाने घरी बांधलेल्या विमानातून. विमान दुसऱ्याने बांधलेले, डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातल्या जागी न ठेवता बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरवण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. इंधनाची अपुरी तयारी आणि या विमानाचा अपुरा सराव यांवरही चौकशीने बोट ठेवले. मुद्दा असा, की हे विमान काही चोरून बांधलेले नव्हते. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते.

अमेरिकेची पद्धत उदार आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केल्याचे नोंदवही आणि छायाचित्रांनिशी दाखवायचे; मग सरकारी किंवा सरकारने नेमलेला तपासनीस तयार विमान पाहतो. दाखल्यानंतर पहिले २५ किंवा ४० तास साधारणतः ठरवून दिलेल्या हद्दीतच चाचणी उड्डाणे करायची. पण तयार विमानात दिसते किती? पंखावरचा पत्रा रिव्हेट ठोकून बंद झाला की आतला सांधा, तारेचा मार्ग, इंधनाची नळी सारे झाकले जाते. म्हणून ब्रिटनची पद्धत आम्हांला अधिक शहाणपणाची वाटते. तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी वैमानिकांच्याच संघटनेवर सरकारने हे काम सोपवले आहे. तिचा तपासनीस बांधणी चालू असतानाच टप्प्याटप्प्याने येतो, बंद होण्याआधी भाग पाहतो आणि सही करतो. शेवटी तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन आणि गुरुत्वमध्य काढला जातो, दांडा डावीकडे झुकवल्यावर पंखांवरच्या फळ्या योग्य दिशेनेच हलतात ना हे पाहिले जाते. ही शेवटची तपासणी पोरकट वाटेल. उलट्या जोडलेल्या तारांनी माणसे मेलेली आहेत.

आपल्याकडे विमान दुरुस्तीचे परवानाधारक अभियंते आहेत, निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ आहेत. त्यांच्यातून तपासनीस नेमायला नवा विभाग उभारावा लागणार नाही. त्यांनी केवळ शिक्के मारू नयेत, एवढी खबरदारी मात्र घ्यावी लागेल: सही करणाऱ्याचे नाव कायम नोंदीत राहावे आणि बांधणाऱ्याच्या नातलगाला किंवा भागीदाराला सहीचा अधिकार नसावा. यादव यांच्या विमानाची चाचणी उड्डाणे पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. तेवढ्यावर समाधान मानून हा विषय बंद करणे परवडणारे नाही. महासंचालनालयाने हौशी बांधणीसाठी टप्पेनिहाय तपासणीची नियमावली जाहीर करावी, प्रत्येक टप्प्याला उत्तराची मुदत घालावी आणि नकार द्यायचाच असेल तर तो लेखी, तांत्रिक कारणासह द्यावा.