लोंबकळतीं विशेषणें आणि हरवलेला कर्ता

इंग्रजी लिहिणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गांत एका दोषाविषयीं विलक्षण बेफिकिरी आढळते. इंग्रज वैयाकरण त्यास 'डँगलिंग मॉडिफायर' म्हणतात; आम्ही लोंबकळतें विशेषण म्हणूं. 'वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम' हें वाक्य घ्या. आरंभींचें धातुसाधित वाक्याच्या कर्त्याकडेच गेलें पाहिजे, हा नियम विल्यम स्ट्रंक यांनीं १९१८ सालच्या आपल्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या छोटेखानी पुस्तकांत स्वच्छ सांगितला आहे. त्याप्रमाणें येथें रस्त्यानें चालत होता तो सर्प!

"पण अर्थ तर कळला ना?" असें यावर सांगण्यांत येतें. कळला खरा, परंतु सर्पास पाय नसतात हें वाचकास ठाऊक होतें म्हणून. तो अर्थ लेखकानें दिलेला नव्हे. सर्पाच्या जागीं चोर घाला, आणि मग चालत कोण होता, चोर कीं लुबाडला गेलेला, तें सांगा!

हा दोष आमच्या हातून वारंवार घडतो याचें कारण निष्काळजीपणा एवढेंच नव्हे. आमची मराठीही आहे. 'रस्त्यानें जातांना त्याला सर्प डसला' हें वाक्य निर्दोष आहे, कारण मराठींत 'त्याला' हें पद 'जातांना' या क्रियेचा भार सहज उचलतें. इंग्रजींत तो अधिकार वाक्याच्या कर्त्याचा. शब्दास शब्द ठेवून भाषांतर केलें कीं विद्यार्थी फसलाच. हा भेद फळ्यावर मांडावयाचा सोडून कित्येक शिक्षक तांबड्या शाईची रेघ ओढून मोकळे होतात; कांहीं तर अशा धातुसाधितानें वाक्याचा आरंभच करूं नये असा नवा नियम काढतात. हा अतिरेकही त्याज्य होय. 'कन्सिडरिंग', 'ओइंग टू' यांसारखे प्रयोग रूढीनें कर्त्याच्या बंधनांतून सुटले आहेत, आणि अशी सूट फाउलर यांनींही १९२६ सालच्या आपल्या कोशांत मान्य केली आहे.

कोणी शेक्सपिअरचा आधार पुढें करतात. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकांत मृत राजाचें भूत सांगतें कीं, तो बागेंत निजला असतां त्यास सर्प डसला अशी वार्ता पसरविण्यांत आली आहे. मूळ इंग्रजी रचना पाहूं गेल्यास निजलेला ठरतो तो सर्पच. त्या काळीं आजचा दंडक रूढ नव्हता, म्हणून कवीस दोष नाहीं. परंतु आधार देणाऱ्यांनीं पुढचेंही वाचावें. ती वार्ता खोटी होती. डसणारा सर्प राजमुकुट घालून बसला होता. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेलें हें नाटक 'हें केलें कोणीं?' या प्रश्नानेंच पेटतें.

आमच्या वादाचें मर्मही त्याच प्रश्नांत आहे. 'आफ्टर कन्सिडरिंग द ॲप्लिकेशन, इट वॉज रिजेक्टेड' अशा धर्तीचीं उत्तरें कचेऱ्यांतून येतात. व्याकरण म्हणतें, अर्जानेंच अर्जाचा विचार केला! हंसून सोडून देणें सोपें आहे. पण ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्यानें दाद कोणाकडे मागावी? 'आफ्टर द ॲप्लिकेशन वॉज कन्सिडर्ड' अशी दुरुस्ती केल्यास व्याकरणाचें समाधान होईल, अर्जदाराचें होणार नाहीं. विचार समितीनें केला असेल तर 'हॅविंग कन्सिडर्ड द ॲप्लिकेशन, द कमिटी रिजेक्टेड इट' असें लिहावें. मग वाक्यही सरळ होतें आणि जबाबदारीही उघड होते.

कसोटी साधी आहे. आरंभींच्या शब्दसमूहास 'कोण?' असें विचारावें. स्वल्पविरामापुढील कर्ता हेंच त्याचें उत्तर असेल तर वाक्य ठीक. नसेल तर खरा कर्ता त्या जागीं आणावा, किंवा 'ॲज ही वॉज वॉकिंग' याप्रमाणें त्या समूहाचें स्वतःच्या कर्त्यासह पोटवाक्य करावें. मुलांचे इंग्रजी निबंध घरीं तपासणाऱ्या आईबापांनीं एवढा एक प्रश्न विचारण्याची संवय त्यांस लावावी. वाक्यांतला हरवलेला कर्ता शोधावयास जो शिकला, तो उद्यां सरकारी पत्रांतलाही शोधून काढील. आणि तेवढ्यासाठीं तांबड्या शाईचे चार थेंब खर्ची पडले तरी ते वाया गेले असें आम्ही मानणार नाहीं.