आधी तशखीस, मग इलाज

सिग्नल लाल होतो, आपण ब्रेक दाबतो, गाडी थांबते आणि तिच्याबरोबर इंजिनही थांबते. चावी फिरवली की ते सुरू होते, पण पुढच्या चौकात पुन्हा तेच. मग गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले जातात, नंतर पेट्रोलचा पंप, त्यानंतर बॅटरी. घरखर्चातले हजारो रुपये जातात आणि दुखणे तसेच राहते. आपले जुने हकीम नाडी पाहिल्याशिवाय नुस्खा लिहीत नसत. उर्दूत रोगनिदानाला तशखीस म्हणतात. गाडीलाही आधी तीच हवी.

वाचकहो, इंजिन थांबतानाच का बंद पडते, हे प्रथम समजून घेऊ. एक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. तरी इंजिन जिवंत राहायला थोडी हवा लागतेच. एवढ्याशा हवेवर पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत राहते. यालाच मेकॅनिक आयडलिंग म्हणतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हे काम स्लो जेट आणि एक स्क्रू करतो. आताच्या गाडीत कॉम्प्युटर ती हवा कमीजास्त करतो. वेगात असताना लहानसहान दोष लपून जातो. फेरे कमी झाले की तोच दोष इंजिन बंद पाडतो.

म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. ही पाहणी मोकळ्या जागेत करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

पहिली गोष्ट, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून थांबवली तर इंजिन चालू राहते का? तसे असेल आणि गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही ते बंद पडत असेल, तर क्लच नीट सुटत नाही. ऑटोमॅटिक गाडीत हाच संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकवर घ्यावा.

दुसरी, गाडी उभी असताना नुसता ब्रेक दाबल्यावर इंजिन थरथरते किंवा फुस्स असा आवाज येतो का? मग ब्रेक बूस्टर किंवा त्याच्या नळीतून हवा शिरत असावी. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर गाडी आणखी चालवू नका, कारण प्रश्न ब्रेकचा आहे.

तिसरी, फक्त एसी लावल्यावर बंद पडते का? एसीच्या कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर येतो आणि तो पेलायला जास्त हवा लागते. ती मिळत नसेल तर बहुधा थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते.

चौथी, सीएनजीवर बंद पडते आणि पेट्रोलवर चालते का? मग सीएनजीचा रेग्युलेटर, फिल्टर आणि प्लग तपासावेत.

पुष्कळ वेळा थ्रॉटल बॉडीची सफाई एवढाच इलाज पुरतो. झडपेच्या कडेला बसलेली काजळी त्यासाठीच्या क्लीनरने आणि मऊ कापडाने पुसतात. झडप मोटरवर चालणारी असेल तर तिला बोटाने ढकलू नये. सफाईनंतर अनेक गाड्यांत स्कॅनर लावून आयडलिंग नव्याने बसवावे लागते. ते राहिले तर सफाई करूनही तक्रार उरते. तडकलेली रबरी नळी असेल तर ती बदलणे हाही कमी खर्चाचा इलाज आहे. स्कॅनरवर पी ०५०६ हा कोड आला तर आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणता भाग बदलायचा, हे कोड सांगत नाही. ते शोधावेच लागते.

दुरुस्ती होईपर्यंत एक खबरदारी घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच मदत शिल्लक असते. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, एकदाच जोर लावून दाबून ठेवा. चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. चारही इंडिकेटर लावून गाडी कडेला घ्या. अम्मी आणि मुले मागे बसलेली असताना ही माहिती फार मोलाची ठरते.

आपल्यातल्या कितीतरी घरांची रोजी गॅरेजवर चालते. आपल्या मुलांच्या हातात कसब आहेच, त्याला शिकलेल्या पद्धतीची जोड हवी. आयटीआयमध्ये दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अंदाजाने पाच भाग बदलणाऱ्यापेक्षा नेमका एक भाग शोधणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

गाडीमालकाचेही काम आहे. इंजिन थंड असताना बंद पडते की तापल्यावर, न्यूट्रलमध्ये की गिअरमध्ये, एसी चालू असताना की बंद असताना, सीएनजीवर की पेट्रोलवर, हे आठवडाभर कागदावर लिहा आणि तो कागद मेकॅनिकभाईंच्या हातात द्या. कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्यांना अदबीने एवढेच विचारा, “भाई, हाच भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं?” चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो बॉनेट उघडून तुम्हाला दाखवतो.