रसग्रहणाचे तीन रकाने

‘रसग्रहण’ या संज्ञेची जेवढी अवहेलना मराठीच्या परीक्षाव्यवहारात झाली आहे, तेवढी क्वचितच अन्य समीक्षासंज्ञेची झाली असेल. अभिनवगुप्ताच्या मते रस हा आस्वादाहून निराळा पदार्थच नव्हे. तो चर्वणेतच सिद्ध होतो. आस्वाद विद्यार्थ्याचा स्वतःचा नसेल, तर रसग्रहणही संभवत नाही. बारावीच्या ‘युवकभारती’त (२०२०) मात्र रसग्रहणाची विभागणी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन घटकांत होते. मार्गदर्शकांनी त्यांचे रकाने केले आणि शिकवणीवर्गांनी ते भरून दिले.

या विभागणीमागचे गृहीतकच सदोष आहे. आशय आधी सिद्ध असतो, सौंदर्य त्यावर चढते आणि भाषा उरलेल्या जागेत बसते, असे ते गृहीतक होय. लयतत्त्वाची संवाद, विरोध आणि समतोल या नियमांतून मांडणी करणाऱ्या मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला (१९५५) सात दशके झाली. मर्ढेकरांचे सर्व प्रतिपादन मान्य करण्याचे कारण नाही, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) त्याची कठोर चिकित्सा केलीच आहे. तथापि ज्या वादाने मराठी समीक्षा प्रौढ झाली, त्याचा मागमूसही या रकान्यांत नसावा, ही केवळ अनवधानाची बाब नव्हे.

हानी कुठे होते, हे बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली ग्रंथरूप झाली. त्या गाण्यांत लेवा बोली हाच विचाराचा आकार आहे. तिसऱ्या रकान्यात तिचे ‘ग्रामीण भाषेचा गोडवा’ होते. ठाणे पूर्वेच्या कोपरीत हे उत्तर पाठ करणाऱ्यांचा विचार करावा. शेजारी चेंदणीचा कोळीवाडा, वस्तीत फाळणीनंतर स्थिरावलेली सिंधी कुटुंबे. घराघरांतून निराळी बोली. ज्याच्या घरी कोळी बोली आहे, त्याला हे उत्तर नकळत शिकवते की विचार प्रमाणभाषेत होतो आणि बोलीत फक्त गोडवा असतो. कवितेचा अर्थ ज्या कानाने लागायचा, तोच कान येथे निरुपयोगी ठरवला जातो.

लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर समान निकष हवेत, असा बचाव केला जातो. निकष अवश्य असावेत; परंतु निकषांची समानता म्हणजे उत्तरांची समानता नव्हे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे वगळून कविता ठेवल्या. १९२९ च्या त्यांच्या ग्रंथात त्या वाचनांतील गैरसमज आणि साचेबंद प्रतिसाद तपासले आहेत. तेथे साचा हा दोष म्हणून उघड झाला. येथे तो गुण देऊन रुजवला जातो.

याचा अर्थ ‘ज्याला जो वाटेल तो अर्थ’ असा नव्हे. तो सैलपणा रकान्यांइतकाच आळशी आहे. हाच शब्द का, ओळ येथेच का तुटते, वाक्य अपुरे का राहते, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराला कवितेतला पुरावा मागावा. पुराव्यासह केलेले चुकीचे वाचन दुरुस्त करता येते. पाठ केलेल्या बरोबर उत्तरात दुरुस्त करण्याजोगे वाचनच नसते. त्याला पूर्ण गुण देणारी परीक्षा कवितेची नव्हे, स्मरणशक्तीची आहे.