झेंडू वेगळा, कॅलेंडुला वेगळा

दिवाळी आटोपली, दारावरची तोरणं उतरली की एवढ्या झेंडूचं करायचं काय हा प्रश्न घरोघरी पडतो. पूर्वी ती फुलं निमूटपणे झाडांच्या बुडात जायची. हल्ली मात्र ती खोबरेल तेलात पडू लागली आहेत. परवा भिशीला जमलो, तेव्हा आमच्यापैकी दोघींच्या घरी अशी बरणी मुरत असल्याचं कळलं. कारण काय, तर दुकानात महाग मिळणारं ‘कॅलेंडुला’चं मलम म्हणजे आपला झेंडूच, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

तसं नाही, मैत्रिणींनो. हा घोटाळा इंग्रजीने घातलाय. त्या भाषेत दोन्ही फुलांना मेरीगोल्डच म्हणतात. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, शास्त्रीय नाव टॅजेटेस. कॅलेंडुला भूमध्य समुद्राच्या बाजूचा. दोघांचं कूळ एक, पण त्या कुळात सूर्यफूलही येतं आणि शेवंतीही. म्हणून काय सगळी सारखी? आपल्या दोन्ही भाषांनी खरं तर घोटाळा केलेला नाही. मराठीत झेंडू, कन्नडमध्ये चेंडु हूवु, म्हणजे चेंडूसारखं फूल. कॅलेंडुला चेंडूसारखा नसतोच मुळी, तो चपटा असतो.

बरं, चुकून झेंडूचं तेल लावलं तर बिघडलं कुठे? बिघडू शकतं. टोमॅटोच्या रानात कडेने झेंडू लावतात, त्याच्या मुळांतली द्रव्यं जमिनीतल्या सूत्रकृमींना मारतात म्हणून. त्याच जातीची द्रव्यं फुलातही असतात, आणि अंगाला लागल्यावर ऊन पडलं की ती चेततात. कातडी लाल होते, चुरचुरते, डाग राहू शकतात. युरोपीय संघाने २०१८ साली मोठ्या फुलाच्या झेंडूचा अर्क आणि तेल सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदीच घातली. दुसऱ्या दोन जातींना मुभा आहे, पण लावून ठेवायच्या क्रीममध्ये ०.०१ टक्क्यापर्यंतच, आणि उन्हासाठीच्या क्रीममध्ये मुळीच नाही. आजी खरचटल्यावर झेंडूचा पाला चुरडून लावायची हे मलाही आठवतं. पण ती बोटभर जागेवर, एखाद वेळी. रोज तोंडाला चोळून बाजारात जायचं, ही गोष्ट निराळी.

हे सगळं मी मुळात शोधायला लागले ते माझ्या धाकट्या जावेमुळे. ती गदगकडची. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि पुढे शेक सुरू झाला, आपल्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात काखेतली कातडी भाजल्यासारखी झाली. एक दिवस मला म्हणाली, “अक्का, चेंडु हूवु हच्चबहुदेन्री?” झेंडू लावला तर चालेल का! कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी डॉक्टरांना विचारू.

सांगणाऱ्याचं अगदीच खोटं नव्हतं, फूल तेवढं चुकलं होतं. फ्रान्समध्ये अशाच २५४ बायकांवर कॅलेंडुलाच्या मलमाची चाचणी झाली होती, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी तिथे वापरात असलेलं दुसरं मलम लावणाऱ्यांत ६३ टक्के जणींची कातडी बऱ्यापैकी किंवा त्याहून जास्त भाजली, कॅलेंडुला लावणाऱ्यांत ४१ टक्के जणींची. वाचून मला हुरूप आला. पण पुढे २०१३ साली स्वीडनमधल्या ४०० हून अधिक बायकांची चाचणी आली, त्यात कॅलेंडुला आणि साधं क्रीम यांत फरक दिसला नाही. म्हणजे चमत्कार नव्हे. जावेच्या डॉक्टरांनी त्यांचंच साधं क्रीम चालू ठेवलं, आणि शेकाच्या आधी काहीही चोपडून यायचं नाही अशी तंबी दिली. मला ते पटलं. तिची कातडी शेक संपल्यावर महिनाभरात सावरली.

मग कॅलेंडुला कशासाठी? थंडीत फुटलेले हात, टाचांच्या बारीक भेगा, किरकोळ खरचटणं, उन्हाने झालेली लाली. युरोपातलं औषध खातंही त्याला एवढ्यापुरतंच मानतं, तेही जुन्या वापराच्या आधारावर. रंग उजळतो वगैरे डबीवर लिहिलेलं असतं, ते डबीवरच राहू द्या.

आपल्या बेळगावच्या हवेत हे झाड हिवाळ्यात कुंडीतही छान येतं. ओळखायचं कसं? झेंडूचं पान कातरलेलं, उग्र वासाचं. कॅलेंडुलाचं अखंड, लांबट, हाताला जरा चिकट. बी तर चुकायचंच नाही. झेंडूचं काळं, सुईसारखं सरळ. कॅलेंडुलाचं कापलेल्या नखासारखं वाकडं.

तेल करायचं तर फुलं सावलीत कुरकुरीत वाळवा. ओल राहिली की बुरशी धरते, हात आखडू नका. त्यातलं सूज उतरवणारं द्रव्य पाण्यात फारसं उतरत नाही, तेलात उतरतं, म्हणून काढा करण्यात अर्थ नाही. काचेच्या कोरड्या बरणीत फुलं बुडतील इतकं तिळाचं किंवा खोबरेल तेल घाला, तीन-चार आठवडे ठेवा, रोज हलवा, मग मलमलीतून गाळा. मलम हवं असेल तर पाच भाग तेलाला एक भाग मधमाश्यांचं मेण मंद आचेवर वितळवायचं.

एक मात्र आधी बघा. घरात कुणाला काँग्रेस गवताने अंगावर पुरळ येतं का? आपल्याकडे शेताकडे जाणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ. ते गवतही याच कुळातलं, आणि ज्यांना ते बाधतं त्यांना कॅलेंडुलाही बाधू शकतो. त्यांनी या तेलाच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबावं. खाज सुटली नाही, तरच टाचांना लावावं, रात्री, पाय धुऊन, वर जुने मोजे घालून. नाहीतर चादरीला पिवळे डाग पडतात.