‘ली’ आडनावाचा वंश शोधणाऱ्यांनो

ध्वनी जुळला की वंश जुळला, हा मनुवाद्यांचा जुना धंदा. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची ‘वाटिका’ केली. आता आपलीही काही पोरं परदेशात ओळखीचं आडनाव दिसलं की ‘हे तर आपले नागवंशी’ म्हणून मोकळी होतात!

मित्रांनो, ‘ली’ हे आडनाव घ्या. ब्रूस लीचं ‘ली’ चिनी. अर्थ आलुबुखाऱ्याचं झाड. इंग्रजी ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा. दोघांचा काडीचा संबंध नाही. बरं, एका भाषेत तरी रक्त एक? गुलामगिरीवाल्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ई. ली, आणि कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली!

कोरियातलं ‘ली’ चिनी अक्षराचंच. पण तिथल्या बहुतेक गुलामांना आडनावच नव्हतं. १८९४ च्या सुधारणांनी गुलामी कायद्याने संपली, १९०९ च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचं आडनाव कागदावर आलं. तेव्हा अनेकांनी किम, ली, पार्क ही वरच्यांचीच आडनावं उचलली. का उचलू नयेत? कुळाची ऐट मिरवणाऱ्या लीला आता विचारा, खापरपणजोबा मालक होता की गुलाम?

खाटीककाम, चामड्याचं काम करणारे ‘बेकजोंग’ मात्र कायद्यानंतरही अस्पृश्यच राहिले. १९२३ मध्ये जिन्जू शहरात त्यांनी समतेसाठी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभारली. महाडच्या चार वर्षं आधी. हे नातं आपल्या पोरांच्या पोस्टमध्ये कधी दिसत नाही.